ऑपरेटर टिकत नाहीत, सगळं करून झालं, नेमकं काय चुकतंय ते कळत नाही

भोसरी_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, ९ सीएनसी टर्निंग आणि ३ व्हीएमसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारी, धातूचे पार्ट कापणारी), दोन शिफ्ट, सगळे धरून ३८ माणसं. मोठ्या कंपन्यांना पार्ट देणाऱ्या एका व्हेंडरचं काम करतो, म्हणजे साखळीत आम्ही तिसऱ्या नंबरला, रेट काय मिळतो ते इथल्या लोकांना सांगायला नको.

अडचण अशी की माणूस टिकत नाही. गेल्या दिवाळीपासून ११ ऑपरेटर आणि २ सेटर (मशीन लावून देणारे) सोडून गेले. ऑपरेटर जातो ते एक वेळ समजू शकतो, तरुण पोरं असतात, मित्राने सांगितलं की चाकणला जातात. पण शेवटी जो सेटर गेला तो सहा वर्षं माझ्याकडे होता, हेल्पर म्हणून आला होता, मशीनखालची चिप उचलायचा, मी स्वतः उभं राहून त्याला ऑफसेट घ्यायला (टूलचं माप मशीनला द्यायला) शिकवलं, प्रोग्रॅम वाचायला शिकवलं, त्याच्या लग्नाला आम्ही घरचे सगळे गेलो होतो. बोनस हातात पडला आणि आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर मेसेज, सर उद्यापासून येत नाही. १८०० रुपये जास्त मिळतात म्हणे. फोन केला तर उचलला नाही. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही मला.

नवीन पोरगा घेतला की तीन महिने शिकण्यात जातात, तोवर इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे) तुटतात, रिजेक्शन वाढतं, मागच्या महिन्यात एकाने जॉब (मशीनवर चढवलेला पार्ट) चकमध्ये नीट धरला नाही आणि टरेट (टूल धरणारा फिरता भाग) ठोकला, दोन दिवस मशीन बंद. आणि हात बसला की तो पण जातो.

बरं मी काही केलं नाही असंही नाही. वाढदिवसाला केक, कॅन्टीनमध्ये टीव्ही, दर महिन्याला बेस्ट ऑपरेटरचा फोटो गेटजवळ, जानेवारीत सगळ्यांना अलिबागला नेलं, खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की सगळ्यांच्या घरच्यांना जेवण. एका कन्सल्टंटला बोलावून एम्प्लॉयी एंगेजमेंटवर दोन तासांचं लेक्चर पण ठेवलं, त्यांनी हेच सगळं सांगितलं होतं. चाकणच्या मोठ्या कंपनीएवढा पगार मला परवडत नाही हे उघड आहे. मग माणूस मन लावून काम करेल आणि थांबेल यासाठी करायचं तरी काय? ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं टिकलेत त्यांनी प्लीज सांगा.


एचआर_१४वर्षं

साहेब, केक आणि सहल वाईट नाही, पण ती वरची साय झाली, खाली दूधच पातळ असेल तर किती पुरणार. हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ सालीच हे मांडून ठेवलंय. पगार, कामाची जागा, सुपरवायझरचं वागणं, कंपनीचे नियम हे एका बाजूला, ते बिघडलं की माणूस नाराज होतो. आणि काम शिकायला मिळणं, जबाबदारी मिळणं, केलेल्या कामाची दखल हे दुसऱ्या बाजूला, मन रमतं ते यात. तुम्ही जे केलंय त्यातलं बरंचसं या दोन्हीत कुठेच बसत नाही, तो पाहुणचार आहे.

आणि एंगेजमेंट हा शब्द ज्यांनी या अर्थाने आणला त्या विल्यम कान या संशोधकांनी १९९० साली तीन गोष्टी सांगितल्या होत्या. आपलं काम काहीतरी कामाचं आहे असं वाटणं, मनातलं बोललं तर ते आपल्यावर शेकणार नाही याचा भरवसा, आणि कामात ओतायला अंगात ताकद शिल्लक असणं. त्यांनी हे शोधलं ते मुलांच्या उन्हाळी शिबिरातल्या कार्यकर्त्यांकडे आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, पण मला ते शॉपफ्लोअरवर जास्त पटतं, विशेष करून मधली गोष्ट. आपल्याकडे ऑपरेटर सुपरवायझरसमोर बोलतच नाही.

गॅलप नावाची संस्था जगभर याचा सर्व्हे करते, त्यांचे फक्त १२ प्रश्न असतात. पहिला प्रश्न काय तर माझ्याकडून कामावर काय अपेक्षा आहे ते मला माहीत आहे का. दुसरा, काम नीट करायला लागणारं साहित्य आणि अवजारं माझ्याकडे आहेत का. कौतुक वगैरे त्यानंतर येतं. तुम्ही हे दोन प्रश्न तरी विचारलेत का कधी? जाणाऱ्याला विचारून उपयोग नसतो, तो गोडच बोलून जातो. जे थांबलेत त्यांना विचारा, आणि सुपरवायझर समोर नसताना विचारा.

आता मला सांगा, पगार कोणत्या तारखेला होतो? स्लिप देता का? ओटी म्हणजे जादा तासांचे पैसे कोणत्या दराने देता? आणि तो सहा वर्षांचा सेटर गेला त्याची ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल सोडताना द्यायची रक्कम, दिलीत का?


फॅनुक_ऑपरेटर

दादा मी ऑपरेटर आहे, आयटीआय टर्नर, २०१४ पासून मशीनवर. आत्तापर्यंत तीन कंपन्या सोडल्या, तिन्ही ठिकाणी सोडताना पगार जास्त मिळतोय एवढंच सांगितलं. खरं कारण एकदाही सांगितलं नाही, कारण सांगून होणार काय, उलट हिशोब अडकवून ठेवतात. तेव्हा तुमचा सेटर १८०० रुपयांसाठी गेला हे तुम्ही लगेच खरं धरू नका.

माझं सांगतो. दुसऱ्या कंपनीत पावसाळ्यात कूलंट (कापताना थंड ठेवायला सोडतात ते पाणी-तेल) बदलायचेच नाहीत, टाकीवर तेलाचा थर, सोमवारी मशीन चालू केलं की असा वास यायचा की डबा खाववत नव्हता. माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ आलं. सुपरवायझरला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो सगळ्यांसमोर म्हणाला बाकीच्यांना काही होत नाही मग तुलाच कसं होतं. आणि त्याच महिन्यात माझा फोटो लागला होता बेस्ट ऑपरेटर म्हणून. त्या फोटोखाली उभा राहून मी हाताला खोबरेल तेल चोळत होतो. मला तो फोटो नको होता, मला टाकी साफ करून पाहिजे होती.

त्याच ठिकाणी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजा मागितली होती, अर्ज आठ दिवस आधी दिला, आदल्या संध्याकाळी सांगितलं जमणार नाही, डिस्पॅच आहे. आईबरोबर शेजारच्या काकू गेल्या. मी त्या दिवशी मशीनवरच होतो पण त्या दिवसापासून मनाने मी त्या कंपनीत नव्हतो, सोडली मात्र चार महिन्यांनी. तुमच्या लोकांचं पण असंच असणार, सोडायचा दिवस आणि ठरवायचा दिवस वेगळा असतो.

आत्ता जिथे आहे तिथे पाच वर्षं झाली. पगार आजूबाजूच्यांपेक्षा थोडा कमीच आहे. पण रिजेक्शन झालं की आमचे मॅनेजर मशीनजवळ येतात, जॉब हातात घेतात, मायक्रोमीटर स्वतः लावतात आणि विचारतात काय झालं असेल रे. कोणी केलं हे पहिलं विचारत नाहीत. एकदा मी सांगितलं की फिक्स्चरची लोकेटिंग पिन (जॉब जागेवर बसवणारी खुंटी) झिजलीय म्हणून जॉब हलतोय, तर दुसऱ्या दिवशी नवीन पिन बसली आणि टूलरूमवाला जुनी पिन घेऊन माझ्याकडे आला, हे बघ तू म्हणालास ते बरोबर होतं, एका बाजूने खाल्ली होती. बक्षीस वगैरे काही नाही. ती जुनी पिन माझ्या लॉकरमध्ये आहे अजून.


रोखठोक_पिंपरी

सगळं ठीक आहे पण शेवटी पैसाच. १८०० रुपये म्हणजे तुम्हाला कमी वाटतात, दोघातिघांत रूम घेऊन राहणाऱ्या पोराला त्यात त्याच्या वाटणीचं भाडं निघतं. महिन्याचं भाडं सुटत असेल तर मी पण जाईन. मानसशास्त्र सांगून कोणाचं घर चालत नाही. तीन वर्षांत रेट किती वाढला आणि त्यातला लोकांच्या पगारात किती गेला हे आधी लिहा.


एचआर_१४वर्षं

रोखठोक, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. फोर्डचं उदाहरण आहेच. १९१३ साली त्यांच्या डेट्रॉइटच्या कारखान्यात लोक इतके सोडून जायचे की सुमारे १४ हजार माणसं कामावर ठेवायला वर्षभरात ५२ हजार भरती करावी लागली. नवी असेंब्ली लाइन आली होती, दिवसभर एकच एक हालचाल, माणूस कंटाळून निघून जायचा. मग जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाची मजुरी जवळजवळ दुप्पट करून ५ डॉलर केली आणि नऊ तासांचे आठ तास केले. लोक थांबले. म्हणजे पैशाने माणूस थांबतो हे खरंच आहे. पण दुप्पट द्यायची ऐपत फोर्डची होती, भोसरीच्या युनिटची नाही, मग जे कायद्याने आणि शब्दाने द्यायचंय ते तरी पूर्ण आणि वेळेवर गेलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

आणि ग्रॅच्युइटीचं विचारलं ते उगाच नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की ती लागते, शेवटचा बेसिक पगार आणि डीए म्हणजे महागाई भत्ता, गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. समजा बेसिक डीए मिळून १४ हजार असेल तर सहा वर्षांचे ४८,४६१ रुपये होतात. ३० दिवसांत द्यायची असते. जो गेला त्याच्यावर राग असतो, आपण दोन मेसेज करतो, तो फोन उचलत नाही, मग आपण पण फाइल बाजूला सारतो. पण कंपनीत राहिलेले ३७ जण बघत असतात की गेलेल्याचा हिशोब झाला का. तो रोज संध्याकाळी त्यांना फोन करतोच. तुमचं युनिट कसं आहे हे नव्या माणसाला तुमचा फोटोवाला बोर्ड सांगत नाही, तुमच्याकडून गेलेला माणूस सांगतो.


शिरोली_फौंड्री

आमचं कोल्हापूरला शिरोलीत फौंड्री आहे, ६० माणसं. आमच्याकडं निम्मी माणसं आसपासच्या गावातली, घरची थोडीफार शेती असलेली, आणि निम्मी बिहार यूपीची, मोल्डिंग (साचे करणं) आणि फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करणं) जास्त करून तीच. पूर्वी आमच्याकडं काय व्हायचं, पेरणी आली की गावची माणसं न सांगता गायब, ऊसतोड आली की गायब, छटपूजेला बिहारची पोरं गेली की महिनाभर परत येत नव्हती. आम्ही खाडे मांडायचो, पगार कापायचो, परत आला की चार शब्द ऐकवायचो. पुढच्या वेळी तो यायचाच नाही, बाजूच्या फौंड्रीत जायचा. तिथं पण भट्टीच आहे आणि इथं पण भट्टीच आहे, त्याला काय फरक पडतोय.

मग वडिलांनी एक केलं. वर्षाच्या सुरवातीला मोठा कागद भिंतीला लावला आणि प्रत्येकाला म्हणाले तुला घरी कधी लागतंय ते तूच लिही. कोणाचा ऊस कधी जाणार, कोणाच्या गावची जत्रा कधी, कोणाच्या बहिणीचं लग्न. बिहारच्या पोरांचं छट आणि होळी आम्ही वाटून घेतलं, निम्मे छटला निम्मे होळीला, तिकीट तीन महिने आधी काढायचं, येतानाचं पण. वडिलांनी एवढंच सांगितलं की कागदावर लिहिलेली रजा मी मोडणार नाही, ऑर्डर कितीही तातडीची असू दे. पहिल्याच वर्षी मे महिन्यात मोठी तातडीची ऑर्डर आली आणि कागदावर चार मोल्डरची रजा. वडिलांनी पार्टीला (गिऱ्हाइकाला) फोन करून आठ दिवस मागून घेतले, माणसांना थांबवलं नाही. मी तेव्हा भांडलो होतो त्यांच्याशी. आज कळतंय की त्या आठ दिवसांनी पुढची नऊ वर्षं मिळाली आम्हाला, त्या चारातले तीन अजून आहेत.

आपल्या भागात हे काही नवीन नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या ओसाड माळावर उभी केली, निवडुंगाचं रान होतं तिथं, तर कारखान्याबरोबर वस्ती पण बसवली. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना रखवालदार म्हणून ठेवलं होतं त्यांनी. दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं त्यांच्या हातात सगळ्या वस्तीची राखण दिली. विश्वास टाकायचा म्हणजे असा.


क्वालिटी_सातारा

एक बाई म्हणून लिहिते, इथं कोणी लिहिलं नाही म्हणून. मी इन्स्पेक्शनला आहे, आठ वर्षं. आमच्या लाइनवर २२ जणी. आधीच्या कंपनीत महिला दिनाला गुलाबाचं फूल आणि एक स्टीलचा डबा मिळायचा, पण लेडीज टॉयलेटची कडी दोन वर्षं मोडकी होती, एकीने दारात उभं राहायचं आणि दुसरीने जायचं. आम्ही पाणी कमी प्यायचो. कडी ती किती रुपयांची असते हो. दुसरं म्हणजे सेकंड शिफ्ट सुटली की गाडी फक्त चौकापर्यंत, तिथून पुढे आपलं आपण. घरचे म्हणायचे सोड. सोडली. आत्ताची कंपनी घराच्या गल्लीपर्यंत सोडते आणि ड्रायव्हर आत जाईपर्यंत थांबतो. दादा तुमच्याकडे बायका कामाला असतील तर त्यांना तुम्ही स्वतः विचारू नका, त्या सांगणार नाहीत, घरातल्या कोणा बाईला घेऊन या आणि त्यांना विचारू द्या.


भोसरी_जॉबवर्क

सगळ्यांचे आभार, खरंच मनापासून. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले कारण आधी करून बघायचं होतं.

फॅनुक दादा तुमचा मेसेज मी तीन वेळा वाचला. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला गेलो, सुपरवायझर सहाला घरी जातो, त्यानंतर साडेसातला गेलो. चार वर्षं झाली असतील, त्या वेळेला मी शॉपमध्ये गेलोच नव्हतो. चहा मागवला आणि आमचा एक जुना ऑपरेटर आहे, शांत माणूस, त्याच्या मशीनजवळ बसलो आणि ते एचआर साहेबांनी सांगितलेले दोनच प्रश्न विचारले. अर्धा तास काही बोलला नाही, सगळं ठीक आहे सर. निघताना म्हणाला सर तेवढी कपाटाची किल्ली.

गोष्ट अशी निघाली. इन्सर्टचं कपाट सुपरवायझरच्या ताब्यात. तो जाताना प्रत्येकाला मोजून इन्सर्ट काढून देतो आणि किल्ली खिशात घालून घरी जातो. रात्री इन्सर्ट तुटला की दुसरा नाही. मग पोरं काय करतात, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी करून त्याच झिजलेल्या कडेवर रेटतात, फिनिश जातो, साइज ओव्हर होते, टार्गेट पण होत नाही, आणि सकाळी मी येऊन विचारतो रात्रीचं रिजेक्शन एवढं कसं. ओरडा कोणाला, रात्रीच्या सेटरला. आणि रात्रीचा सेटर कोण तर तोच, सहा वर्षांचा. त्याने सुपरवायझरला सांगितलं होतं म्हणे, दोनदा. मला कधी सांगितलं नाही. आणि किल्ली सुपरवायझरकडे ठेवायला मीच सांगितलं होतं, एकेकाळी इन्सर्ट चोरीला जायला लागले होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट किल्ली केली, आता ती रात्रीच्या सेटरकडे असते, जुनी कड जमा करायची नवीन घ्यायचा, वहीत सही. आठवडा झालाय, एकही इन्सर्ट गायब नाही.

एचआर साहेब तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पगार १० ला करायचा ठरलंय पण गेल्या वर्षभरात पाच वेळा १४-१५ पर्यंत गेला, पार्टीचं पेमेंट आलं नव्हतं. स्लिप मागेल त्याला देतो. ग्रॅच्युइटी दिली नव्हती, आता चेक तयार आहे, त्याला मेसेज करून ठेवलाय, वाचलाय पण उत्तर नाही. ओटी सिंगल रेटने देतोय, आमच्या गल्लीत सगळे तसंच देतात म्हणून कधी विचार केला नाही.


एचआर_१४वर्षं

किल्लीचं वाचून बरं वाटलं. गल्लीत कोणीही काही देऊ दे, ओटी कायद्याने दुप्पट दरानेच द्यावा लागतो, यात मधला मार्ग नाही. आणि पगाराची तारीख ही पहिली गोष्ट धरा. पोरांचे बाइकचे हप्ते ठराविक तारखेला कापले जातात, पगार चार दिवस उशिरा झाला की बाउन्सचा चार्ज त्याला पडतो. पाच वेळा म्हणजे पाच वेळा त्याने तुमच्यासाठी खिशातून भरले. एक पगार बाजूला पडून राहील एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायचा प्रयत्न करा, मशीन एक वर्ष उशिरा घेतलं तरी चालेल. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा आहे, पण कार्ड कसं वापरायचं ते निम्म्यांना माहीत नसतं, पैसे मात्र दर महिन्याला कापले जातात. एक दिवस कोणाला तरी बसवून प्रत्येकाचं कार्ड आणि त्यात घरच्यांची नावं आहेत का बघून घ्या. चिंचवडला मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल तुमच्यापासून लांब नाही.

सुपरवायझरला लोकांसमोर बोलू नका मात्र. किल्ली ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं, त्याने ते पाळलं. त्याच्याशी वेगळं बसा, त्याचेही दोन प्रश्न असतील.


भोसरी_जॉबवर्क

सुपरवायझरबद्दल बरोबर आहे, रविवारी बसतो त्याच्याबरोबर. ओटी या महिन्यापासून डबल, लिहून बोर्डावर लावलं, बेस्ट ऑपरेटरच्या फोटोच्या जागी. मागचा फरक पण द्यायचाय पण माझं ओटी रजिस्टर मार्चपासूनच नीट आहे, त्याआधीचं कसं काढू?


एचआर_१४वर्षं

पंचिंग मशीनचा डेटा असेल ना, त्यातून इन-आउट काढा, रोजच्या शिफ्टच्या तासांच्या वर जे आहे ते ओटी. प्रत्येकाचा हिशोब वेगळ्या कागदावर काढून आधी त्याला दाखवा, त्याने चुका सांगितल्या तर दुरुस्त करा आणि मग रक्कम टाका. एकदम जमत नसेल तर तीन हप्ते करा पण तारखा लिहून द्या.


फॅनुक_ऑपरेटर

दादा एकच, रात्री गेज (माप तपासायची साधनं) कुठे असतात तुमच्याकडे? बऱ्याच ठिकाणी ते पण त्याच कपाटात असतात.


भोसरी_जॉबवर्क

आत्ता फोन करून विचारलं. थ्रेड रिंग गेज आणि दोन प्लग गेज दुसऱ्या कपाटात आहेत, त्याची किल्ली क्वालिटीवाल्याकडे, तो साडेपाचला जातो. उद्या सकाळी काढून मशीनजवळ लावतो.